दगडापुढे दिवे लावताना

पत्र नाशिक जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारे चाळिशीतले, कारखान्यात नोकरी, सुट्टीचा दिवस दगडांचा. मामांच्या विहिरीचं काम निघालं तेव्हा मुरमात पांढरे-हिरवट स्फटिक सापडले आणि तिथून नाद लागला. गेल्या वर्षी त्यांनी एका व्हिडिओत अमेरिकेतल्या तलावाकाठी रात्री टॉर्च मारताच गोटे निखाऱ्यासारखे पेटताना पाहिले. लगेच साडेतीनशे रुपयांची, ५१ एलईडीची जांभळी टॉर्च मागवली आणि घरातल्या शंभरेक दगडांवर मारली. सगळे जांभळे दिसले, पेटला एकही नाही. फोटोही नुसते जांभळे. आता त्यांनी '१०० वॉट' लिहिलेली चौदा हजारांची अतिनील (यूव्ही) टॉर्च हेरून ठेवली आहे. मित्र म्हणतो, शॉर्टवेव्हचाच, म्हणजे कमी तरंगलांबीच्या अतिनीलचा दिवा घे. पत्नी म्हणते, "दगडांपुढे दिवे लावायला चौदा हजार?" दहा वर्षांची मुलगी मात्र सोबत यायला एका पायावर तयार आहे. त्यांचा प्रश्न एवढाच: सगळ्यांत पॉवरफुल कोणती घेऊ?

नमस्कार.

तुमच्या पत्नीचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. त्यांचं उत्तर शेवटी देतो, आधी तुमचं.

तुम्ही असं धरून चालला आहात की टॉर्च दुबळी होती म्हणून दगड पेटले नाहीत. मला उलटं वाटतं. तुमची टॉर्च गरजेपेक्षा जास्त दिसत होती. त्या स्वस्त जांभळ्या टॉर्चा बहुतेक ३९५ नॅनोमीटरच्या (हे उजेडाच्या तरंगलांबीचं माप) आसपासच्या असतात, म्हणजे अतिनील आणि जांभळा यांच्या अगदी वेशीवरच्या. त्यातला बराच उजेड डोळ्याला दिसतो आणि तो प्रत्येक दगडावरून परत येतो. दगडाचं स्वतःचं चमकणं, ज्याला पुस्तकात प्रतिदीप्ती म्हणतात, ते मुळात फिकं असतं. लग्नात बॅन्ड दणदणत असताना शेजारचा कानात काही सांगतो आणि आपण नुसती मान हलवतो, तसं तुमचं झालं. आता बॅन्डवालेच दुप्पट बोलावले तर काय ऐकू येणार?

या प्रकाराला १८५२ मध्ये ज्यांनी 'फ्लुरोसन्स' हे नाव दिलं त्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्याकडे टॉर्च नव्हतीच. क्विनाइनचं द्रावण, साधं ऊन, रंगीत खिडकीतली असते तशी निळी काच आणि डोळ्यापुढे पिवळसर वाइनचा ग्लास, असा त्यांचा मामला सांगतात. निळ्या काचेने दिसणारा उजेड अडवला, पिवळ्याने उरलासुरला परतीचा अडवला, आणि मध्ये फक्त क्विनाइनची निळाई राहिली. नको तो उजेड हाकलणं, एवढंच ते तंत्र. आज पावणेदोनशे वर्षांनी टॉर्च घेतानाही बघायचं ते हेच.

म्हणून तुम्हाला हवी ती ३६५ नॅनोमीटरची, आणि तोंडावर काळी काच असलेली. हे 'आणि' महत्त्वाचं आहे. ३६५ ची एलईडीसुद्धा थोडा पांढुरका-निळसर उजेड सोडते, आणि दगडाची फिकी चमक झाकायला तेवढाही पुरे होतो. काळी दिसणारी ही फिल्टरची काच दिसणारा उजेड गिळते आणि अतिनील जाऊ देते. बाजारात ती 'झेडडब्ल्यूबी २' या नावाने मिळते. जपानी 'यू ३४०' काच त्याच जातीची. ही काच थोडा गडद लाल सोडते असं कुठे वाचलंत तर घाबरू नका, आपल्या एलईडीत तो लाल मुळात नसतोच. दगडवेड्यांमध्ये कॉन्व्हॉय कंपनीच्या एस२ प्लस आणि सी८ या टॉर्चा चालतात, आत निचिया या जपानी कंपनीची ३६५ ची एलईडी असलेल्या. त्याच घ्या असं नाही, पण वेबसाइटवर एलईडीची कंपनी, नॅनोमीटर आणि फिल्टर या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या नसतील तर पान बंद करा.

आता त्या '१०० वॉट'बद्दल. एका '१८६५०' आकाराच्या सेलवर चालणारी चांगली अतिनील टॉर्च काही मोजके वॉट खाते आणि त्यातलेही सगळे किरण होऊन बाहेर पडत नाहीत, बरेच उष्णता होतात. मुठीत मावणारी टॉर्च १०० वॉट खरोखर खात असती तर तुम्ही ती मुठीत धरली नसती. जाहिरातीत लुमेन लिहिले असतील तर अजूनच करमणूक. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं आहे. चांगल्या अतिनील टॉर्चचे लुमेन जवळपास शून्य यायला हवेत! सेलचंही तसंच. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून तो १८६५०. त्या आकारात साडेतीन-चार हजार मिलिअॅम्पिअर-तासांच्या फार पुढे कुणी गेलेलं नाही. '९९००' छापलेला सेल फुकट मिळाला तरी तो टॉर्चमध्ये घालू नका, घरात चार्जिंगलाही लावू नका.

टॉर्च घरी आली की परत पाठवायच्या मुदतीतच दोन परीक्षा घ्या. प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती पांढरी टेफ्लॉन टेप आणा. ती स्वतः चमकत नाही, पडेल तो उजेड नुसता परत करते. अंधारात तिच्यावर झोत टाका. ३९५ ची टॉर्च तिला भडक जांभळी दाखवेल. फिल्टर लावलेल्या ३६५ खाली ती जवळपास काळोखातच राहील. दुसरी परीक्षा पॉलिकार्बोनेटच्या साध्या, पारदर्शक सेफ्टी गॉगलची. तुमच्या कारखान्यात तो मिळेलच. तो टॉर्चपुढे धरून झोत कोऱ्या छपाईच्या कागदावर टाका. खरी ३६५ असेल तर कागदाची निळी चमक विझेल, कारण पॉलिकार्बोनेट ते किरण अडवतं. जांभळा उजेड मात्र आरपार जाईल आणि खोटी टॉर्च उघडी पडेल. तोच गॉगल मग डोळ्यांवर चढवा. मुलीला आधी, तुम्हाला नंतर. ३६५ चा झोत दिसत नाही म्हणून बाहुली आकुंचन पावत नाही आणि माणूस बिनधास्त बघत बसतो. झोत डोळ्यांत गेला की समोर धुकं आल्यासारखं वाटतं ना, ते धुकं बाहेर नसतं. डोळ्याचं भिंगच चमकत असतं.

एवढं करूनही तुमचे शंभर दगड पेटतील का? बरेचसे नाही. हे मी आत्ताच सांगतो, नाहीतर तुम्ही पुढच्या पत्रात मला शिव्या घालाल.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा लेक सुपीरिअरच्या काठचा असणार. तिथले ते गोटे म्हणजे सोडालाइट हे खनिज असलेला सायनाइट नावाचा खडक, हिमनद्यांनी उत्तरेकडून ढकलत आणलेला. मिशिगनच्या एरिक रिन्टामाकी यांनी २०१७ मध्ये ते शोधले आणि 'यूपरलाइट' म्हणून प्रसिद्ध केले. त्यांना ३६५ चा झोत पुरतो, लगेच नारिंगी होतात. आपल्या पायाखाली आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, काळा बेसाल्ट, लोहाने भरलेला. लोह हे या खेळातलं मांजर आहे, आडवं गेलं की संपलं. चमक मारून टाकणाऱ्या मूलद्रव्यांत त्याचा नंबर वरचा. त्यामुळे बेसाल्ट टॉर्चखाली ढिम्म राहतो.

त्याच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक वेगळे, पण तिथेही गंमत आहे. खनिज चमकतं ते बहुतेकदा त्यातल्या भेसळीमुळे. कॅल्साइट शुद्ध असेल तर गप्प; त्यात चिमूटभर मँगनीज आणि जोडीला थोडं शिसं मिसळलं की लाल-गुलाबी पेटतो. मीठ प्रमाणात पडलं तर चव, जास्त झालं तर ताट बाजूला, तसंच या भेसळीचंही प्रमाण असतं. विहिरीतून निघणारे तुमचे पांढरे-हिरवट स्फटिक स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट असण्याची शक्यता मोठी. उजेडात दागिन्यासारखे, अतिनीलखाली मात्र बहुतेक वेळा गप्प किंवा अगदी पुसट. पुण्याजवळच्या वाघोलीचं ते सुप्रसिद्ध निळंशार कॅव्हन्साइटही या परीक्षेत नापासच. म्हणजे तुमचा संग्रह वाईट नाही, तुम्ही त्याला चुकीच्या पेपरला बसवलंत.

मग शोधायचं काय? पहिला कॅल्साइट. दातेरी असो, ठोकळेबाज असो, एकूण एक तुकड्यावर झोत मारून बघा, कारण एकाच खदानीतला एक चमकतो आणि शेजारचा चमकत नाही. टॉर्च विझवल्यावर लगेच डोळे मिटू नका. काही कॅल्साइट क्षणभर मागे उजेड ठेवून जातात आणि ते बघायला मुलगी शंभर वेळा टॉर्च विझवायला लावेल. दुसरी कॅल्सेडनी, म्हणजे आपल्या गारगोट्यांमधली मेणचट, अर्धपारदर्शक जात. तिच्यात युरेनियमचा नखभरसुद्धा नाही इतका अंश असेल तर ती पोपटी हिरवी पेटते. तिसरं पॉवेलाइट, आणि ते तुमच्याच जिल्ह्याचं भूषण आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या डोंगराच्या खाणींतलं पॉवेलाइट जगभरच्या संग्रहांत आहे. पिवळसर, वजनाला जड, आणि दिव्याखाली लोण्यासारखं पिवळं.

पण इथे तुमचा मित्र बरोबर ठरतो. हिरवी कॅल्सेडनी आणि पॉवेलाइट खरा रंग दाखवतात ते शॉर्टवेव्हखाली, २५४ नॅनोमीटरला. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिलच्या खाणींचे लाल-हिरवे दगड, ज्यांच्यामुळे या छंदाला जगात इज्जत आली, तेही मुख्यतः शॉर्टवेव्हचेच. तरीसुद्धा मी तुम्हाला सांगेन की तो दिवा आत्ता नको.

कारण तो दिवा वेगळ्याच स्वभावाचा आहे. ३६५ शी निष्काळजीपणा चालत नाही, २५४ शी तो केल्यास शिक्षा होते. उघड्या त्वचेला उन्हासारखं भाजतं, डोळ्यांना वेल्डिंगवाल्याला होतो तसा त्रास होतो, आणि तो लगेच नाही तर काही तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखा. लहान मूल उत्साहाने दिवा स्वतःकडे वळवून बघतंच. शिवाय पारंपरिक शॉर्टवेव्ह दिव्यात पाऱ्याच्या वाफेची क्वार्ट्झ नळी आणि खास फिल्टर लागतो, आणि मोठा खर्च त्या फिल्टरचा असतो. करोनाच्या काळात 'यूव्ही-सी' म्हणून विकलेल्या कांड्या त्या कामाच्या नाहीत. फिल्टर नसतो, आणि काहींत नुसती निळी-जांभळी एलईडी असते. पुढे कधी दिवा घेतलातच तर खिडकीच्या काचेचा तुकडा मध्ये धरून बघा. साधी काच २५४ ला अडवते; काच मध्ये आल्यावरही दगड तसाच चमकत राहिला तर तुम्हाला शॉर्टवेव्हच्या नावाखाली दुसरंच काहीतरी विकलं आहे. आधी ३६५ खाली दहा-वीस दगड जमवा, दगड हाताळायची, नोंदी ठेवायची सवय लागू द्या. दिवा पळून जात नाही.

आता रात्रीच्या फिरण्याबद्दल. तुम्ही पत्रात याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही, म्हणून जरा थांबून लिहितो.

मी पहिल्यांदा ३६५ घेऊन सिन्नरच्या बाजूला एका बंद खदानीत गेलो, ओळखीच्या मालकाला विचारून. अर्धा तास काहीच नाही. मग पायापासून दोन हातांवर एक निळसर हिरवा ठिपका दिसला, इतका स्वच्छ की मी आनंदाने वाकलो. ठिपका चालायला लागला. विंचवाच्या कवचात अशी द्रव्यं असतात की तो अतिनीलखाली रेडियमच्या घड्याळासारखा उजळतो. त्या रात्री मला दगड दोन मिळाले आणि विंचू सात. विंचू बघायला तर तुमची साडेतीनशेची जांभळी टॉर्चही उत्तम चालेल, म्हणजे ती वाया गेली असं समजू नका. पण नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, आणि साप, मण्यार, घोणस तर टॉर्चला भीक घालत नाहीत. तेव्हा कमरेला साधी पांढरी टॉर्च हवीच, पायात उंच बूट हवेत, आणि दगड उलटायचा तो काठीने किंवा हातोडीच्या टोकाने, बोटांनी नाही. लाल विंचू लहान असला तरी जिवावर बेततो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन वापरून कोकणात किती जीव वाचवले हे आता जगाला माहीत आहे. ते औषध वेळेत मिळायला दवाखाना गाठावा लागतो, म्हणून चावा झाला की उतारा-मंत्र न करता गाडीला किक मारायची. मुलीला रात्री खदानीत नेऊ नका. दगड दिवसा उचलून आणा, उजेडाचा खेळ घरी करा. एरवीही मी हेच करतो, कारण खदानीचा कडा रात्री दिसत नाही.

परवानगीचं फार सांगत नाही. खदान असो, शेत असो, मालकाला विचारा. किल्ले, लेणी आणि वनखात्याची जमीन सोडा. लोणारचं विवर बघायला जरूर जा, खिशात मात्र काही घालू नका.

फोटोंकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातला खरा सल तोच दिसतो.

खिडकी नसलेली न्हाणीघरासारखी खोली घ्या. दाराखालच्या फटीला गोणपाट लावा. काळा शर्ट घाला. धुण्याच्या पावडरीतली उजळवणारी द्रव्यं पांढऱ्या शर्टाला निळा दिवा बनवतात आणि तो निळा थेट दगडावर पडतो. दहा मिनिटं अंधारात नुसते बसा. दगड आदल्या दिवशी मऊ ब्रशने पाण्याखाली धुऊन वाळवलेला असू द्या, फडक्याने पुसलेला नको. पुसला की सुताचे बारीक तंतू चिकटतात आणि फोटोत कॅल्साइटवर निळ्या अळ्या वळवळताना दिसतात. मला पहिल्यांदा वाटलं होतं नवीनच खनिज सापडलं!

कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवा. पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात फोकस करून तो मॅन्युअलवर टाका, मग पांढरा उजेड बंद. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. एफ ८, आयएसओ २०० ते ४००, आणि शटर ५ सेकंदांपासून ३० पर्यंत, दगड किती उदार आहे त्यावर. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर खिळवून ठेवा आणि सगळ्या फोटोंना तोच. ऑटोवर ठेवला की कॅमेरा आपल्या मनाने लालाचा गुलाबी करतो. आता बघा, तिकाटणं आहे म्हणजे शटर हवं तितकं उघडं ठेवता येतं, म्हणजे फोटोसाठी टॉर्चची ताकद जवळपास बिनमहत्त्वाची ठरली. दुप्पट पॉवर नसेल तर दुप्पट वेळ द्या. शटर उघडं असताना टॉर्च एका जागी धरू नका, नाहीतर मध्ये पांढरा डाग आणि कडेला काळोख येईल. दगडाभोवती दोन्ही बाजूंनी, वरून, सावकाश फिरवा. हो, ओवाळतात तशीच.

तरीही सगळीकडे जांभळट पडदा आला तर तीच टेफ्लॉनची टेप दगडाशेजारी ठेवून फोटो काढा. टेप जांभळी आली तर उजेड गळतो आहे, मग लेन्सवर ४१०-४२० नॅनोमीटरच्या खालचं अडवणारा, किंचित पिवळसर फिल्टर लावा. लेन्सला संरक्षण म्हणून दुकानदार जो 'यूव्ही फिल्टर' माथी मारतात तो दरवेळी हे काम करतोच असं नाही. मोबाइलवर काढायचं असेल तर प्रो मोड उघडा, मोबाइलला डब्याला टेकवून उभा करा आणि टायमर लावा. बोट लागलं की हलतो.

प्रत्येक फोटोखाली टॉर्चचे नॅनोमीटर आणि शटरचे सेकंद लिहायचे. तीस सेकंदांच्या फोटोत जो दगड निखारा दिसतो तो हातात घेतल्यावर राखेसारखा दिसू शकतो. तुम्हाला भुरळ घालणाऱ्या व्हिडिओंतही हे थोडंबहुत असतंच, आणि तिथे कुणी सेकंद लिहीत नाही.

तर चौदा हजार खर्चू नका. फिल्टरवाली, एका सेलची ३६५, एक बरा सेल आणि चार्जर, तीन गॉगल. हे सगळं त्या रकमेत बसून बरेच पैसे उरतील, अगदी परदेशातून मागवताना कस्टम्स लागला तरी. तिकाटणं नसेल तर उरलेल्यातून तेच घ्या.

आणि वहिनींचं. पार्सल आलं की पहिला झोत दगडावर मारू नका. स्वयंपाकघरातला दिवा घालवा. चमचाभर तेलात चिमूटभर हळद कालवून त्यावर टॉर्च धरा, पिवळी-हिरवी पेटेल. दुकानात टॉनिक वॉटर मिळतं, स्टोक्स यांचं क्विनाइन त्यातच असतं. ग्लासात ओता, निळं होईल. पालकाची दोन पानं हँड सॅनिटायझरमध्ये चुरून गाळा, तो हिरवा रस रक्तासारखा लाल दिसेल. शंभराची नोट धरा, आतले तंतू दिसतील. गॉगल त्यांच्याही डोळ्यांवर हवा, म्हणून तीन म्हटलं. त्यानंतरही त्या "काय दिवे लावलेत" म्हणाल्या तर मला कळवा, माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

आणि विहिरीतला तो हिरवट स्फटिक मला पोस्टाने पाठवू नका, वाटेत फुटतो. फोटो पाठवा, खाली सेकंद लिहून.